कर्णा म्हणायचं नाही

कारखानिसांनी माझ्या खोलीच्या भिंतीवर दोन-चार ठिकाणी टकटक केलं, कान लावला, डोळे मिटले आणि पेशंटच्या नातेवाइकांना बाहेर बोलावून सांगावं तशा आवाजात म्हणाले, "ही काढावी लागेल."

"अख्खी?" श्रीरंगने विचारलं.

"अर्धी ठेवून काय करणार? आवाजाला श्वास घ्यायला मागे जागाच नाही."

मी पोह्यांच्या बश्या घेऊन दारात उभी होते. "भिंतीपलीकडे मी श्वास घेते," मी म्हटलं. कारखानीस हसले. त्यांना तो विनोद वाटला. श्रीरंग हसला नाही, म्हणजे त्याला कळलं होतं. पण त्याने भिंतीकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यावरून भिंत गेल्यात जमा आहे हे मलाही कळलं.

सांगलीला विश्रामबागेत आमचा फ्लॅट आहे, तिथली ही गोष्ट. तिला आता पुष्कळ वर्षं झाली. श्रीरंग, म्हणजे माझा नवरा, आणि मी एकाच बँकेत होतो. बँकेने स्वेच्छानिवृत्ती देऊ केली तेव्हा दोघांनीही घेतली. त्या मोकळ्या वेळाचं मी शिलाई मशीन केलं आणि त्याने हॉर्न केले.

हॉर्न म्हणजे लाउडस्पीकरच, पण आपल्या घरी असतात तसे खोक्यातले नव्हेत. एकेक माझ्या उंचीचा, सागवानी, वर हे एवढं तोंड वासलेलं आणि खाली त्याहून मोठं. आतली यंत्रं कारखानिसांनी कुठल्याशा बंद पडलेल्या टॉकीजमधून मिळवली होती आणि लाकूडकाम कोल्हापूरच्या एका सुताराकडून करून घेतलं होतं. हे कारखानीस श्रीरंगचे या विषयातले गुरू. आयुष्यभर साखर कारखान्यात केमिस्ट होते आणि निवृत्त झाल्यावर लोकांच्या घरी जाऊन टाळ्या वाजवायचे. मी खरंच सांगतेय. खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवायची, ती विरेपर्यंत थांबायचं आणि मग घरातलं काय काय बाहेर काढावं लागेल ते सांगायचं. आमच्याकडे पहिल्या टाळीला शोकेस गेली, दुसरीला दिवाण. टीव्ही स्वयंपाकघरात फ्रिजवर जाऊन बसला. हॉर्न दारातून आत येईनात म्हणून चौकट काढली आणि परत बसवली. तेव्हापासून ते दार एकदाही नीट लागलेलं नाही.

ते आत येऊन उभे राहिले तेव्हा मी साहजिकच म्हटलं, "अगंबाई, कर्णे आणलेस?"

"कर्णा म्हणायचं नाही," श्रीरंग म्हणाला. "हॉर्न."

यातली गंमत कळायला माझं माहेर सांगायला हवं. माझे वडील, म्हणजे दादा, विट्याला स्पीकर भाड्याने द्यायचे. लग्न असो, निवडणूक असो, कुस्त्यांचं मैदान असो, आमच्या सायकलीला दोन्ही बाजूंनी कर्णे लटकवून माणूस निघायचा. प्रत्येक कर्ण्याच्या तोंडावर लाल रंगात लिहिलेलं असायचं: शैलजा साउंड सर्व्हिस, विटा. शैलजा म्हणजे मी. तालुक्यातल्या प्रत्येक मोठ्या लिंबाच्या झाडावर कधी ना कधी माझं नाव चढलेलं आहे. माईणकरांच्या घरी लग्न करून आले तेव्हा माझ्या सासूबाई, माई, पाहुण्यांना सांगायच्या की सुनेच्या वडिलांचा विजेच्या उपकरणांचा व्यवसाय आहे. कर्णा हा शब्द त्या घरात फक्त माझ्या आवाजासाठी राखून ठेवलेला होता. मी जरा मोठ्याने बोलले की श्रीरंग म्हणायचा, "शैला, कर्णा उतरव." आमचं लग्न झाल्यापासून तो हे म्हणत आला होता. आणि आता तोच माणूस दोन कर्ण्यांसाठी चौकट काढून बसला होता आणि त्यांच्यापुढे वेताच्या खुर्चीत डोळे मिटून डोलत होता.

पण खोटं कशाला बोलू, आवाज होता. पहिल्या दिवशी कारखानिसांनी एका जुन्या ठुमरीची तबकडी लावली. बाईने तोंड उघडण्याआधी घेतलेला श्वास ऐकू आला आणि ती आमच्या हॉलमध्ये उभी आहे असं वाटून मी नकळत पदर सारखा केला. गाणं यंत्रातून आल्यासारखं वाटत नव्हतं, माणसातून आल्यासारखं वाटत होतं. लोक या कर्ण्यांसाठी वेडे का होतात ते मला त्या पाच मिनिटांत समजलं, आणि सहाव्या मिनिटाला पुढच्या अडचणीही समजल्या.

पहिली अडचण अशी, की एवढ्या मोठ्या कर्ण्यांना वीज लागते अगदी थोडी आणि ओरडतात मात्र भरपूर. बटण केसभर फिरवलं की खालच्या मजल्यावरचे माने वर येऊन विचारायचे, कुणाची मुंज काढली का. मांडणीवरची पितळी परात एका ठरावीक सुराला साथ द्यायची. कारखानीस म्हणाले, परात काढा. परात गेली. त्यांनी उद्या नथ काढा म्हटलं असतं तरी श्रीरंगने माझ्याकडे हात पुढे केला असता.

दुसरी अडचण जागेची. वरच्या तोंडाचा आवाज आणि खालच्या तोंडाचा आवाज एकमेकांत मिसळायला अंतर लागतं म्हणे. लांब बसलं तर बाई गाते. जवळ बसलं तर तिचा गळा वर आणि पोट खाली, असे दोन वेगळे आवाज येतात. श्रीरंग खडूने फरशीवर खूण करून खुर्ची मागे मागे नेत गेला, ती थेट माझ्या खोलीच्या भिंतीला टेकेपर्यंत. त्याच्या डोक्याचा तेलकट डाग भिंतीवर उमटला तरी बाईचं पोट काही गळ्याला मिळेना. कारखानिसांच्या मते यात हॉर्नचा दोष नव्हता. दोष होता सांगलीच्या बिल्डरचा, आणि भिंतीचा.

ती खोली मला अप्पांनी दिली होती. अप्पा माझे सासरे. पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. माई गेल्यावर त्यांनी आपली कॉट गॅलरीकडच्या लहान खोलीत नेली आणि मोठी खोली मला दिली. म्हणाले, "मला निजायला किती जागा लागते?" माहेरी मी कर्ण्यांच्या आणि बॅटऱ्यांच्या मधे झोपायचे, सासरी सगळ्यांच्या मधे. लावून घ्यायला स्वतःचं दार मला पन्नाशीच्या आसपास मिळालं. तिथे मी ब्लाउज शिवायचे, म्हणजे लोकांची तशी समजूत होती. बऱ्याचदा मी मशीनवर पाय ठेवून नुसती बसायचे. कुणी काही विचारत नसे.

श्रीरंगशी मी भांडले नाही असं नाही. तो म्हणाला, ती आडभिंत आहे, तिच्यावर कसलाच भार नाही. मी म्हटलं, माझा आहे. तो म्हणाला, मशीन गॅलरीत ठेवू, तुला ग्रिल लावून देतो, उजेड भरपूर. मी म्हटलं, मग हॉर्न गॅलरीत ठेव, त्यांनाही श्वास मिळेल. तेव्हा तो चिडला आणि म्हणाला, "शैला, या घरात संगीत आहे. तुला ते कळायला..." आणि थांबला. ते वाक्य त्याने त्या दिवशीही पुरं केलं नाही. सिद्राम गवंड्याला सोमवारी यायला सांगितल्याचं त्याने मला दुसऱ्या दिवशी, तोंडात ब्रश असताना सांगितलं.

माईणकरांच्या घरात संगीत आहे याला पुरावा एकच होता, आणि तो होता एका कॅसेटमध्ये.

अप्पा तरुणपणी गाणं शिकायचे. मिरजेला नांद्रेकरबुवांचा सत्कार होता आणि बुवांसमोर गावातल्या काही होतकरू मंडळींना थोडा थोडा वेळ गायला दिला होता. अप्पा भीमपलास गायले. तिथे कुणीतरी मोठ्या स्पूलच्या यंत्रावर ते टेप केलं आणि पुढे ती स्पूल अप्पांना भेट दिली. तिच्यावरून माईंनी शेजाऱ्यांकडून एक कॅसेट उतरवून घेतली होती. खरखर, तंबोरे, अप्पांचा आवाज, एक लांब तान, आणि त्या तानेच्या अखेरीला, लांबून आल्यासारखी पण चुकणार नाही अशी, बुवांची दाद: "वाहवा हो, आहा." त्यानंतर लगेच टेप संपायची.

ही कॅसेट या घरात सत्यनारायणासारखी लागायची. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी मला बसवून ऐकवली. ती जागा जवळ आली की श्रीरंग बोट वर करायचा, म्हणजे सगळ्यांनी खाणं थांबवायचं. वाहवा आली की माईंचे डोळे भरायचे. मग श्रीरंग किंवा माई, दोघांपैकी कुणीतरी म्हणायचं, "बुवा कुणाला सहज वाहवा देत नसत." अप्पा नेमके त्या वेळी उठून चष्मा शोधायला जायचे, नाहीतर कुंड्यांना पाणी घालायला. आम्ही म्हणायचो, किती हा विनय. मूळ स्पूल मात्र त्यांच्या ट्रंकेत होती आणि ती त्यांनी कधी कुणाला दिली नाही. श्रीरंगने मागितली की म्हणायचे, जुनी झालीय रंगा, तुटेल.

सिद्रामचा सोमवार ठरला त्याच आठवड्यातली दुपार. श्रीरंग कोल्हापूरला गेला होता. अप्पा म्हणाले, "लाव बघू काहीतरी, मीही बसून पाहतो त्याच्या खुर्चीत." मी एका जुन्या मैफलीची तबकडी लावली. अप्पा खुर्चीत ताठ बसले, कोर्टात बसल्यासारखे. गाणं चांगलं रंगलं होतं. मध्येच मागच्या रांगेतला कुणीतरी माणूस हळूच म्हणाला, "चुना आहे का?"

अप्पा दचकले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "शैला, तो चुना मागतोय."

"हो, तंबाखूला असेल."

"ही तबकडी माझ्याकडे कितीतरी वर्षं आहे गं. मी कधी ऐकलं नाही. या कर्ण्यातून असं मागचं बोलणंही ऐकू येतं?"

त्या घरात त्याला कर्णा म्हणणारे ते एकटेच होते, माझ्याखेरीज. मी त्यांना माझ्या माहेरचं सांगितलं. दादा गिऱ्हाइकाला आधी विचारायचे, गाणी लावायचीत का भाषण आहे? गाणी असतील तर खोकी द्यायचे आणि भाषण असेल तर कर्णे. कारण पुढाऱ्याचा शब्द चार शेतं पलीकडच्या माणसाला कळला पाहिजे. म्हटलं, "कर्णा बोलण्यासाठीच जन्माला आलाय, अप्पा. गाण्यातलं एखादं काही सुटेल त्याच्या हातून, बोललेलं नाही सुटत."

तबकडी संपून सुई नुसती घासत राहिली तरी अप्पांचं लक्ष नव्हतं. मग त्यांनी माझ्या भिंतीवरच्या त्या तेलकट डागाकडे पाहिलं आणि विचारलं, "गवंडी कधी येणार म्हणालीस?"

"सोमवारी."

"बरं," म्हणाले, आणि काठी घेऊन आपल्या खोलीत गेले.

रात्री श्रीरंग परतल्यावर, जेवायच्या वेळी त्यांनी ती स्पूल आणून श्रीरंगच्या ताटाशेजारी ठेवली. पत्र्याच्या डबीत, मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेली. श्रीरंगने हात धुतले, पुसले, परत धुतले. मला त्या क्षणी त्याचा राग असूनही बरं वाटलं, कारण तो आपल्या वडिलांवर खरंच जीव टाकायचा, आणि ती वाहवा त्याला स्वतःला मिळाल्यासारखीच वाटायची. तो म्हणाला, भिंत निघू दे, हॉर्न नीट लागू देत, मग थाटात ऐकू. अप्पा म्हणाले, "भिंत निघाली की महिनाभर घरात धूळ. माणसं कुठे बोलावशील? या रविवारीच लाव. मी एक्क्याऐंशीचा आहे."

या शेवटच्या वाक्यापुढे कुणाचं चालणार? रविवारी सकाळी संगीत मंडळाची दहा-बारा माणसं आली. मानेही आले, कारण खाली बसूनही त्यांना ऐकू येणारच होतं. कारखानीस स्पूलचं यंत्र घेऊन आले आणि त्यांनी हॉर्नची तोंडं आतून मऊ फडक्याने पुसली. मी साबुदाण्याच्या खिचडीची पातेली भिंतीच्या अलीकडे आणणं आणि मनात भिंतीला निरोप देणं, अशी दोन्ही कामं करत होते.

श्रीरंगने छोटंसं भाषण केलं. म्हणाला, साधा स्पीकर म्हणजे खुशामत्या माणूस, आपल्याला हवं ते ऐकवतो. हॉर्न तसा नाही. आवाजात जे आहे ते तो समोर उभं करतो, तुम्हाला आवडो वा न आवडो. आणि इतकी वर्षं जी वाहवा आपण खरखरीतून ऐकली ती आज बुवांच्या शेजारी बसून ऐकायची आहे. कारखानिसांनी पुस्ती जोडली, "हॉर्न कुणाची भीड ठेवत नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. अप्पांना खडूच्या खुणेवरच्या खुर्चीत बसवलं होतं. अंगात कोट, डोक्यावर टोपी. चष्मा डोळ्यांवर होता, त्यामुळे शोधायला जायचा प्रश्न नव्हता.

स्पूल फिरायला लागली. तंबोरे असे लागले की हॉलच्या कोपऱ्यात कुणी धरून बसलंय असं वाटावं. कुणीतरी खोकलं, सतरंजी सरकली. मग अप्पांचा तरुण आवाज आला आणि मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. चांगला होता आवाज. कळकळीचा, थोडा घाबरलेला. मंडळाच्या लोकांनीही मनापासून हं केलं. मग ती तान सुरू झाली. कॅसेटवर ती कधी लांब वाटली नव्हती, कारण सगळे पुढच्या वाहवाची वाट बघत असायचे. आता ती लांबतच गेली. एकदा संपायला आली आणि परत वर निघाली. पानाचा डबा उघडल्याचं ऐकू आलं, मग बंद झाल्याचं. श्रीरंगने बोट वर केलं. आणि हॉर्नच्या त्या सागवानी तोंडातून, आमच्यातच बसून बोलावं तसा, एक जाड, थकलेला, रागही नसलेला आवाज आला:

"आवरा हो आता."

तान अडखळली, कशीबशी समेवर आली आणि टेप संपली. श्रीरंगचं बोट वरच होतं.

"बुवा काय म्हणाले?" मान्यांनी शेजाऱ्याला विचारलं. त्यांनी अगदी भाबडेपणाने विचारलं होतं. शेजाऱ्याने खिचडीत लक्ष घातलं.

त्या सगळ्या खोलीत एकच माणूस आनंदात होता, तो म्हणजे कारखानीस. त्यांचा चेहरा उजळला होता. "तो र ऐकलात?" ते म्हणाले. "आवरातला र! आणि आतातला त! थांबा, परत लावतो." आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी स्पूल मागे फिरवून परत लावली. आवरा हो आता. "बघा. साध्या स्पीकरात र बुडतो, त बुडतो. मागे नुसते आ-वा-हो-आ-आ उरतात. म्हणून तुम्ही इतकी वर्षं वाहवा ऐकत होतात. काय उच्चार काढलाय हॉर्नने, बुवांच्या तोंडातलं पान कळतंय."

"बंद करा," श्रीरंग म्हणाला.

"एकदाच आवाज थोडा कमी करून..."

"बंद करा म्हटलं ना."

पाहुणे सभ्य होते. खिचडी फार सुंदर झाल्याचं प्रत्येकाने सांगितलं. एकाने अप्पांना त्यांच्या आवाजातल्या गोडव्याबद्दल सांगितलं, ते खरंही होतं. एरवी आमच्याकडून निघताना चपला सापडत नाहीत म्हणून दारात तासभर गप्पा होतात. त्या दिवशी सगळ्यांना आपापल्या चपला पटकन सापडल्या.

मग श्रीरंग आणि कारखानीस यांच्यात जुंपली. मी माझ्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं होतं, पण दोघांचे आवाज चढलेले होते आणि श्रीरंगला कर्णा उतरव म्हणणारं तिथे कुणी नव्हतं. तो म्हणत होता, हॉर्नला स्वतःचा एक रंग असतो. मूळ आवाजात नसलेलं तो आपल्या पदरचं घालतो. नाकात बोलतो. नांद्रेकरबुवांसारखा माणूस असं बोलणं शक्यच नाही. कारखानीस म्हणत होते, काल रात्रीपर्यंत हाच हॉर्न आरशासारखा होता, सकाळी त्याला रंग कुठून आला? शेवटी ते म्हणाले, "खरं ऐकायची हौस तुमची होती, माईणकर. मी फक्त सोय केली." त्यांनी यंत्र उचललं आणि गेले. दार ओढून घ्यायचा त्यांनी प्रयत्न केला, पण ते लागत नाही.

थोड्या वेळाने श्रीरंगने फोन लावल्याचं ऐकू आलं. सिद्रामला सांगत होता, तूर्त राहू दे, भिंत चांगली मजबूत आहे.

मी चहा घेऊन अप्पांकडे गेले. टोपी काढून ते कॉटवर बसले होते. मला वाटलं होतं खचलेले असतील. ते बिस्किट चहात बुडवून खायला लागले.

"अप्पा, तुम्हाला माहीत होतं?"

"माझ्यासमोर हातभर अंतरावर बसले होते गं बुवा. मला ऐकू येणार नाही तर कुणाला?"

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"स्पूल घरी आणून पहिल्यांदा लावली तेव्हा माई ओरडली, अहो, बुवा वाहवा म्हणाले. इतकी हरखली होती. तिला काय सांगणार? मग रंगा मोठा झाला, मग तुम्ही सगळे. राहून गेलं." त्यांनी बिस्किटाचा तळाशी पडलेला तुकडा चमच्याने काढला. "तसं काही वाईट नाही म्हणाले बुवा. तान लांबलीच होती माझी."

"पण मग आजच कशाला बाहेर काढली? सगळ्यांसमोर?"

अप्पांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू बँकेत इतकी वर्षं काढून हिला साधी बेरीज येत नाही. "रंगाला मी ओळखतो," ते म्हणाले. "जे त्याच्या वडिलांना आवरा म्हणेल ते त्याच्या घरात राहणार नाही. आणि गवंडी उद्या येणार होता ना?"

माहेरच्या सगळ्या कर्ण्यांवर माझं नाव होतं, पण माझ्यासाठी कुणी इतकं मोठं काही सोडल्याचं मला आठवत नव्हतं. मी त्यांच्या पायांना हात लावायला वाकले तर म्हणाले, "चहा सांडेल. भिंत राहिली ना? झालं तर मग."

हॉर्न पुढे महिनाभर हॉलमध्ये चादर पांघरून उभे होते. मग श्रीरंगने ते माधवनगर रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयाला देऊन टाकले. चौकट परत काढावी लागली. तिथे जेवायला गेलं की आजही त्यांच्यातून सूचना ऐकू येतात, वधूच्या मामांनी ताबडतोब स्टेजवर यावं. मामा कुठल्याही कोपऱ्यात असोत, त्यांना ऐकू जातं आणि ते येतात. तिथे त्यांना सगळे कर्णेच म्हणतात.

अप्पा जाऊनही आता खूप वर्षं झाली. त्यांच्या तिथीला श्रीरंग लहान टेपवर जुनीच कॅसेट लावतो. नातवंडांना बसवतो, जागा जवळ आली की बोट वर करतो, आणि मग सांगतो की बुवा कुणाला सहज वाहवा देत नसत. त्या रविवारबद्दल तो कधी बोलला नाही आणि मीही नाही. मी त्या वेळी माझ्या खोलीत दार लावून बसते. अप्पांची ती लांबलेली तान मला इकडे ऐकू येते, आणि तिच्या अखेरीला जे येतं तेही येतं. भिंतीआडून ऐकलं की ती वाहवाच ऐकू येते.